सिव्हिलमधलं डीईआयसी: इथे मशीन कमी, शिकवणी जास्त

पाचपैकी चार तारे. पाचवा का कापला ते खाली येईलच, पण तो तिथल्या मॅडमचा नाही, सरकारचा कापलाय.

जागा म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलमधलं डीईआयसी, म्हणजे जन्मापासून काही अडचण असलेल्या लहान मुलांना तपासून उपचार देणारं सरकारी केंद्र. पाटीवर ‘जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र’ असं लिहिलंय. रिक्षावाल्याला यातलं कुठलंही नाव सांगून उपयोग नाही. ‘सिव्हिलमध्ये लहान पोरांचं व्यायामाचं’ म्हटलं की तो बरोबर मागच्या गेटला सोडतो. जिल्ह्याचं नाव मुद्दाम घालत नाहीये. फिजिओ मॅडम कंत्राटावर आहेत, दर वर्षी ऑर्डर निघायची वाट बघतात, आणि मी खाली थोडी कुरकुरही करणार आहे. त्यांच्या मागे कुणी लागायला नको. अशी केंद्रं इतर जिल्ह्यांतही आहेत, तेव्हा वाचून झाल्यावर आपापल्या सिव्हिलमध्ये चौकशी करा.

मी तालुक्याच्या गावी ब्लाउज शिवते. आमची धाकटी, घरात तिला ठमी म्हणतात, जन्मली तेव्हा सव्वाचार किलोची होती. मला पोटुशी असताना शुगर निघाली होती, त्यात बाळ अंगानं मोठं होतं. डोकं बाहेर आलं आणि खांदा अडकला. ज्यांनी सोडवलं त्यांच्यावर माझा राग नाही. खांदा अडकला की डॉक्टरांच्या हातात मोजकी मिनिटं असतात आणि आधी जीव वाचवायचा असतो. पण त्या ओढाताणीत मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसा ताणल्या गेल्या. उजवा हात खांद्यापासून लुळा, कोपर सरळ, अख्खा हात आतल्या बाजूला वळलेला, तळवा मागे, मनगट दुमडलेलं. बोटं तेवढी हलत होती. ती हलतात ना, हे बालरोगतज्ज्ञांनी पुन्हा पुन्हा बघितलं, आणि मला कळेना की एवढा हात पडलेला असताना हे बोटंच काय बघतायत. नंतर कळलं. मानेतून हाताकडे पाच नसांचं जुडगं येतं. वरच्या दोनच दुखावल्या असतील तर खांदा आणि कोपर जातं, पण बोटं राहतात. याला एर्ब्ज पाल्सी म्हणतात. बोटंही गेली असतील तर प्रकरण जास्त गंभीर. एक्स-रे काढला, कॉलर बोन शाबूत निघालं. हजारात एखाद-दुसऱ्या बाळाला हे होतं म्हणे. आमच्या गल्लीत मात्र कुणी ऐकलेलं नव्हतं, त्यामुळे जो येईल तो ‘बाळाला लकवा कसा झाला’ असं विचारून जायचा.

डीईआयसीच्या आधी आम्ही एका खासगी सेंटरला जात होतो. नाव नको. एसी, कोच, भिंतीवर हसऱ्या परदेशी बाळांचे फोटो. बाळ आत, आई बाहेर. हाताला पट्ट्या चिकटवून करंट द्यायचे, पाचशे रुपये घ्यायचे, उद्याची वेळ द्यायचे. घरी काय करू विचारलं तर उत्तर यायचं, ‘घरी काही करू नका, आम्ही आहोत ना.’ आता दिवसाचे तास चोवीस. त्यातली वीस मिनिटं यांची. बाकीचा सगळा वेळ तो हात आत वळून पडलेला, आणि त्याला हात लावायचा नाही असा मला हुकूम. करंटनं काही बिघडलं असं मी म्हणत नाही. मला राग आहे तो दाराबाहेर बसवल्याचा.

डीईआयसीचा पत्ता दिला आशाताईंनी. दवाखान्यात बाळंतपण झालं तरी घरी आल्यावर आशाच्या ठरलेल्या भेटी असतात: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. बऱ्याच घरांत त्या आल्या की बाळ दुपट्यातच दाखवतात आणि चहा देऊन वाटेला लावतात. आमच्या आशाताई वजन करायला दुपटं सोडायला लावतात म्हणजे लावतातच. हात बघितला, काही बोलल्या नाहीत, आरबीएसकेच्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावला. आरबीएसके म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. तो २०१३ साली सुरू झाला, तोही आपल्या पालघरमधून. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि पुढचे उपचार त्यात फुकट होतात. अंगणवाडीत आणि शाळेत जी डॉक्टरांची गाडी येते ती यांचीच. त्या गाडीतल्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आणि पुढचं सगळं त्या चिठ्ठीवर झालं. आम्हाला खर्च आला तो एसटीचा, आणि त्यातही माझं तिकीट अर्धं.

आता मुख्य गोष्ट, मॅडमची शिकवणी.

पहिल्या खेपेला त्यांनी ठमीचा एकही व्यायाम घेतला नाही. तिला चटईवर उघडं ठेवलं, खुळखुळा इकडून तिकडे फिरवला आणि खांदा, कोपर, मनगट, बोटं यांची कुठली हालचाल कितपत होते ते एका तक्त्यात आकड्यांनी लिहून घेतलं. मग मला म्हणाल्या, “मी तुम्हाला आठवड्यातून एकदा भेटणार. लंगोट किती वेळा बदलता दिवसात?” मी म्हटलं, मोजत नाही, दहा-बारा तरी होत असतील. “मग तेवढे क्लास तुमच्याकडे आहेत. माझ्याकडे एकच.”

त्यानंतर त्यांनी मला जे सांगितलं ते आधी कुणीच सांगितलं नव्हतं. व्यायामानं नस वाढत नाही. नस तिच्या गतीनं येते, दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर. माझ्या मशीनचा नेहमीचा टाका अडीच मिलिमीटरचा असतो. म्हणजे एका टाक्याएवढी नस यायला अडीच दिवस, आणि मानेपासून दंडापर्यंतचं अंतर तसं कापायचं. तोवर स्नायूला हुकूम देणारं कुणी नाही. जे स्नायू चालू आहेत ते हात आत ओढत राहतात, बाहेर फिरवणारे झोपलेले. असं महिनोन्‌महिने राहिलं तर खांदा आतच आखडतो, आणि वाढत्या बाळात पुढे खांद्याची वाटीच नीट घडत नाही. नस नंतर आली तरी सांधा ऐकत नाही. ताणाचे व्यायाम करायचे ते नस पोचेपर्यंत सांधा मोकळा ठेवण्यासाठी. हे एकदा डोक्यात बसल्यावर मला दुसऱ्याच दिवशी फरक का दिसत नाही ही घालमेल थांबली. घरातल्या बाकीच्यांची थांबली नाही, पण त्यांना नसेचं गणित कळत नव्हतं.

शिकवायला एक कापडी बाहुली आहे. तिचा खांदा उसवलेला होता, म्हणजे तीही बिचारी पेशंटच. मी पुढच्या खेपेला सुईदोरा नेऊन शिवून दिली. आधी बाहुलीवर, मग मॅडमच्या स्वतःच्या हातावर करून दाखवायचं आणि मग बाळावर. मॅडमच्या हातावर करायला लावतात ते फार हुशारीचं आहे, कारण आपण किती जोर लावतोय ते बाळ सांगू शकत नाही, त्या सांगतात. मला म्हणाल्या, “ताई, तुम्ही कापड धरताय. चिमटीत नको.” खरंच होतं, माझी बोटं दिवसभर कापड चिमटीत धरतात. त्यांनी माझा तळवा सपाट करून ठमीच्या हाताखाली सरकवला.

सगळ्यात महत्त्वाचा व्यायाम खांदा बाहेर फिरवण्याचा, आणि तोच सगळ्यात चुकीचा केला जातो असं त्या म्हणतात. बाळ उताणं ठेवायचं. दंड अंगाला लागून, बरगडीला टेकलेला. कोपर काटकोनात वाकवलेलं. आपला एक हात कोपराशी, दंड अंगापासून सुटू नये म्हणून. दुसऱ्या हातात बाळाचा मनगटाजवळचा भाग, पण मनगट पिळायचं नाही. आणि मग हात दार उघडतो तसा सावकाश बाहेर न्यायचा, हाताची मागची बाजू गादीच्या दिशेनं. एका ठिकाणी आतून अडल्यासारखं लागतं. तिथे थांबायचं, ढकलायचं नाही, मनात सावकाश अंक मोजायचे आणि तसंच हळू परत आणायचं. करताना दंड अंगापासून सुटला तर दिसायला हात भरपूर फिरल्यासारखा वाटतो, पण खांदा जागचा हललेला नसतो. मॅडम हेच पकडतात. त्या माझ्या हातांकडे बघत होत्या आणि मला सांगत होत्या, “तुम्ही तिच्या तोंडाकडे बघा. कपाळाला आठी आली की तिथून एक पाऊल मागे.”

मग हात डोक्यावर कानाशी न्यायचा, तेव्हा पाठीमागचं खवाट्याचं हाड दुसऱ्या हातानं दाबून धरायचं, नाहीतर सगळी हालचाल तेच करतं आणि सांधा तसाच राहतो. कोपर वाकवणं-सरळ करणं. कोपर वाकवून तळवा तिच्या स्वतःच्या तोंडाकडे फिरवणं. मनगट वर, बोटं उघडणं. किती वेळा आणि किती अंक, ते मी इथे देत नाही. ते आमच्या बाळाच्या तक्त्यावरून ठरलं होतं आणि दर महिन्याला बदललं. हे वाचून आपल्या बाळावर सुरू करू नका, एकदा कुणा जाणकाराला तुमच्या हातांकडे बघू द्या.

आणि फक्त ताणच नाही. त्या हाताला काही लागतंय हे बाळाच्या लक्षातच येत नाही, ते त्या हाताला विसरून जातं. म्हणून त्याच हाताला सुती फडकं, मऊ ब्रश, मोराचं पीस, टॉवेलचा खरखरीत कोपरा असं आलटून पालटून लावायचं, आणि दोन्ही हात छातीसमोर आणून एकमेकांना भेटवायचे. ठमीला माझ्या पेटीतल्या मखमलीच्या चिंध्या फार आवडल्या. जागी असताना पालथं घालायचं, डोळ्यासमोर आपण बसून. पहिल्यांदा ती दोन मिनिटांत किंचाळायची.

आता घरातली खरी लढाई. आमच्याकडे बाळाला मालिश करायला मावशी येतात, गावातली निम्मी पोरं त्यांच्या पायांवर आंघोळ करून मोठी झालीत. त्यांची पद्धत म्हणजे दोन्ही हात छातीवर फुली करून ओढायचे, मग उलट बाजूला ओढायचे, शेवटी मनगटांना धरून बाळाला अंतराळी उचलायचं आणि एकदा पायाला धरून उलटं. ‘सांधे मोकळे होतात’. मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की हाताला धरून उचलायचं नाही, काखेत हात घालून उचलायचं नाही, एक हात ढुंगणाखाली आणि एक हात पाठ-मानेखाली. हे मी सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, “एवढी पोरं हाताला धरून उचलली आम्ही, कुणाचा हात तुटला?”

मी वाद घालणार होते. मॅडम म्हणाल्या, पुढच्या वेळी त्यांनाच घेऊन या. सासूबाई आल्या, तोंड वाकडं करूनच आल्या. मॅडमनी आधी त्यांचं सगळं ऐकून घेतलं, तेल कुठलं, पाणी किती कढत, टाळू भरता का. मग म्हणाल्या, “आजी, तुमच्या पोरांच्या नसा शाबूत होत्या. हिची अर्धी उसवलीय. तुम्ही तेल लावाच, पण हात ओढायचा नाही. उलट आंघोळीच्या आधी अंग गरम आणि सैल असतं, तेव्हा हे दोन व्यायाम तुम्हीच घ्या. सुनेला दिवसभर शिवणकाम असतं.” आणि त्यांच्याकडूनही बाहुलीवर करून घेतलं. सासूबाईंचे हात माझ्यापेक्षा सपाट निघाले, भाकरी थापणारे हात ते. मॅडमनी तसं बोलून दाखवलं, झालं, त्या दिवसापासून मालिशवाल्या मावशींवर पहारा सासूबाईंचा. मावशी रुसल्या, चार दिवस आल्या नाहीत, मग आल्या आणि ‘पाय तेवढे माझे’ अशा बोलीवर काम करायला लागल्या. मी डीईआयसीला चौथा तारा यासाठी दिलाय. व्यायाम यूट्यूबवरही सापडतात. सासूबाईंना आपल्या बाजूला कसं आणायचं ते यूट्यूबवर नाही.

उपाय सुचवणाऱ्यांची तर रांग लागली होती. एका नातेवाइकांनी कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं. लकव्यावर ते आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात, कबुतरानं काय घोडं मारलंय देव जाणे. आमच्या मिस्टरांना रात्री मोबाईलवर वाचताना सापडलं की जर्मनीचा कैसर दुसरा विल्हेल्म, १८५९ सालचा जन्म, त्याचाही डावा हात असाच जन्मताना गेला होता. राजाचं पोर, पण उपाय काय केले? ताज्या मारलेल्या सशाच्या धडात हात घालून ठेवायचे, वर विजेचे झटके. हात आखूड राहिला तो राहिलाच, फोटोत तो कायम लपवायचा. मिस्टरांनी हे त्या नातेवाइकांना मोठ्यानं वाचून दाखवलं. कबुतराचा विषय तिथे मिटला.

कपड्यांबद्दल थोडं जास्त लिहिते, माझा धंदाच तो आहे. डोक्यातून घालायचे टी-शर्ट, बंद गळ्याचे बाबा सूट सगळे बाजूला ठेवा. पुढून बंद बांधायचं झबलं सगळ्यात बरं. घालताना आधी दुखरा हात, मग चांगला. काढताना उलट, आधी चांगला हात मोकळा करायचा आणि दुखरा शेवटी. दुकानातल्या झबल्यांचा मुंढा, म्हणजे बाही जोडतात ते भोक, फार अरुंद असतो, त्यातून लुळा हात घालायला गेलं की नकळत आपण तो ओढतो. मी मुंढा पाऊण इंच खोल घेतला, बाही आखूड आणि रुंद केली, आणि उजव्या खांद्यावर शिवण न मारता तिथेही बंद दिला. मग हात बाहीत ‘घालायचा’ प्रश्नच येत नाही, हात ठेवायचा आणि वरून बांधायचं. मॅडमनी नमुना मागून घेतला, तो आता तिथे खिळ्याला टांगलाय. झोळीतही बाळ आडवं होऊन हात अंगाखाली जातो, तेव्हा झोळीत झोपवलंच तर तो हात वर काढून, उशीच्या अभ्र्याची घडी खाली देऊन. आमची झोळी तीन महिने माळ्यावर होती. घरच्यांना तेच सगळ्यात जड गेलं.

आता कुरकुर. अख्ख्या जिल्ह्याला एकच फिजिओ. वाकड्या पायांना प्लास्टर घालायची बाळं, सेरेब्रल पाल्सीची मोठी मुलं, आमच्यासारखी हातवाली, सगळी एकाच खोलीत, एकाच चटईवर, आपापल्या सुरात रडतायत. मॅडमना मध्येच कुठल्यातरी मोहिमेची नाहीतर ट्रेनिंगची ड्यूटी लागते, आणि आपण तालुक्यावरून दोन गाड्या बदलून यावं तर दाराला कुलूप. फोन करून सांगायची पद्धत नाही. चटईचं रेक्झिन फाटलंय, त्यात बाळाचं बोट अडकतं. हात धुवायच्या बेसिनला पाणी कधी असतं, कधी नसतं. मनगटाला लावायची छोटी पट्टी, स्प्लिंट, मागवलीय असं सांगितलं होतं. ती येईपर्यंत ठमीचं मनगट तिच्याविना वर यायला लागलं होतं.

आणि सगळ्यात चिडवणारी गोष्ट: घरी न्यायला जो व्यायामाचा कागद देतात तो इंग्रजीत. वर रेघांची चित्रं, त्यातला बाण कुठल्या बाजूला आहे ते झेरॉक्सची झेरॉक्स काढून काढून दिसेनासं झालंय. शेजारी बसलेल्या एका आईनं तो कागद नीट घडी घालून पर्समध्ये ठेवला, घरी जाऊन कुणाकडून वाचून घेणार म्हणाली. आपल्या राज्यात, आपल्याच बायांसाठी चालवलेल्या केंद्रात हा कागद मराठीत नसावा याला काय म्हणायचं? पाचवा तारा इथे गेला. मॅडम स्वतःच्या मोबाईलवर आपल्याच हातांचा व्हिडिओ काढू देतात, आणि मी घरून व्हिडिओ पाठवला की रात्री उशिरा का होईना, ‘कोपर सुटतंय, अंगाला लावा’ असा व्हॉइस मेसेज येतो. ते त्यांचं वैयक्तिक चांगलेपण झालं, त्याचा पगार त्यांना मिळत नाही.

मिस्टरांसाठी एक सांगते, इथे वडिलांना आत घेतात. घेतात काय, ओढून घेतात. आमचे हे पहिल्यांदा बाळाचा हात धरायला घाबरत होते, मोडेल म्हणून. त्यांच्याकडूनही मॅडमनी बाहुली, स्वतःचा हात, मग बाळ, असं तिन्ही करून घेतलं. रात्रीची पाळी आता त्यांची असते.

फरक पडला का, हे सगळे विचारतात. तिसरा महिना संपायच्या आत ठमीचं कोपर वाकायला लागलं. ही तारीख मॅडमनी पहिल्या दिवशीच तक्त्याच्या कोपऱ्यात पेन्सिलनं लिहून ठेवली होती. तोवर कोपर आपणहून वाकलं नाही तर पुण्या-मुंबईला नसांच्या सर्जनकडे चिठ्ठी देणार, ‘अजून थोडे दिवस बघू’ म्हणणार नाही, असं स्पष्ट सांगितलं होतं. ज्या बाळांना नसेचं ऑपरेशन लागतं त्यांचं ते पहिल्या वर्षातच व्हावं लागतं, वेळ हातची गेली तर उपयोग कमी होतो. आम्हाला चिठ्ठी लागली नाही. आता ठमी त्या हातानं बिस्किट तोंडाशी नेते, पण नेताना कोपर बाहेर वर उचलून, बिगुल वाजवल्यासारखं. म्हणजे खांदा बाहेर फिरणं अजून पुरतं आलेलं नाही. खांद्याची सोनोग्राफी करून सांधा जागेवर आहे का ते बघितलं, सध्या आहे, पुन्हा बघणार आहेत. व्यायाम चालूच आहेत, फक्त आता ती पळून जाते, त्यामुळे टीव्हीसमोर पकडून करावे लागतात. यातलं किती व्यायामानं झालं आणि किती आपोआप, ते मला सांगता येणार नाही. पुष्कळ बाळांचा हात आपसूकही सुधारतो. पण खांदा आखडला नाही, त्याचं श्रेय मी त्या चटईवर मिळालेल्या शिकवणीला देते.

कुणी इथे सरळ येऊ नये तेही लिहिते. बाळाचा अख्खा हात बोटांसकट लुळा असेल, त्याच बाजूची पापणी खाली आलेली दिसत असेल किंवा बाळ भराभर श्वास घेत असेल, तर आधी मोठ्या हॉस्पिटलात बालरोगतज्ज्ञांना दाखवा, व्यायामाचं नंतर. आणि हाड मोडलेलं असेल तर ते जुळेपर्यंत व्यायाम नाहीत. मॅडम एक्स-रे बघितल्याशिवाय हात लावत नाहीत, तेव्हा फिल्म सोबत न्या, नाहीतर त्या खाली एक्स-रेच्या रांगेत पाठवतात आणि सकाळ तिथेच जाते.

जाणार असाल तर सकाळी दहाच्या आत पोचा. बुधवारी जाऊ नका, आमच्याकडे त्या दिवशी दिव्यांग सर्टिफिकेटची गर्दी असते आणि मॅडमना तिकडे बसवतात. स्वतःची जाड चादर न्या, रेक्झिनवर अंथरायला. बाळाला दूध पाजून लगेच चटईवर घालू नका, पालथं घातलं की सगळं बाहेर येतं. आणि सोबत ज्या कुणाच्या हातून बाळाची आंघोळ होते, त्यांना न्या.